लहान नाण्यांचे जिभाऊ

दावणीच्या वासरांना हाक मारावी तशी जिभाऊ क्रिप्टोच्या नाण्यांची नावं घेत. बिटकॉईनचं त्यांना कौतुक नव्हतं. "मोठाला त सर्वासले माहीत शे," ते म्हणत, "माले ल्हानला दखाड." फारसं कुणी न ऐकलेलं, पण पुढे वाढेल असं नाणं ते ब्राह्मणपुरीतल्या आपल्या ओट्यावर बसून मोबाईलवर शोधत. मी गावच्या शाळेत शिक्षक, त्यांचा शेजारी. इंग्रजी मजकूर अडला की मला हाक यायची.

नाणं कुणी काढलं, कशासाठी, खरोखर कोण वापरतं, हे कळेपर्यंत ते नुसते बघत राहत. कधी कधी तर पीक निघून जाई, तरी बघणं संपत नसे. घ्यायचे तेही मिरचीच्या पैशातून थोडंसं. "गयं त गयं, इतलंच टाकानं." केळीच्या पैशाला मात्र कधी हात लावला नाही.

त्यांचं एक नाणं अचानक वर गेलं आणि ओट्यावर गर्दी जमली. आमचेही पैसे लावा, म्हणून लोक मागे लागले. जिभाऊंनी सगळ्यांना नकार दिला, सुकलाल आप्पांनासुद्धा. आप्पा त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ते दुखावले आणि नंदुरबारच्या एका हॉटेलात भरलेल्या सभेला गेले. तिथे दरमहा ठरलेली वाढ देणारं नवं नाणं विकत होते. जिभाऊ आप्पांच्या घरी जाऊन सांगून आले, की हे नाणं विकणाऱ्यांच्याच ॲपमध्ये दिसतं, बाहेर कुठेच विकता येत नाही. आप्पांना तो मत्सर वाटला. त्यांनी बोलणं टाकलं. समोरून जिभाऊ दिसले की ते रस्ता बदलत.

मग एके दिवशी ते ॲप उघडेचना. केळीची रोपं आणायला ठेवलेलं सगळं आप्पांनी त्यात घातलं होतं. जिभाऊ सकाळीच त्यांच्या दारात उभे राहिले. झालेल्या गोष्टीबद्दल अवाक्षर न काढता त्यांना पोलीस ठाण्यात घेऊन गेले. त्याच आठवड्यात त्यांनी आपलं वाढलेलं नाणं विकलं आणि आप्पांच्या शेतात रोपांची गाडी उतरवली.

पुढे ते नाणं आणखी कितीतरी चढलं. मला हळहळ वाटली. जिभाऊ हसले. "वाढनं ना? मंग मन्ही पारख खरी शे."

नंतर त्यांचं हृदय कमजोर झालं आणि मुलाने त्यांना सुरतेला नेलं. दिवाळीच्या तोंडावर तिकडून फोन आला. आप्पा आणि मी अंत्यविधीला गेलो. परतीच्या गाडीत आप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्या फसवणुकीतला पैसा कधीच परत मिळाला नव्हता, पण त्याबद्दल ते आताशा बोलतही नसत. नवापूर मागे पडल्यावर ते माझ्याकडे वळले.

"गुरुजी, मी त्यानासंगे वरीसभर बोलनू नही," ते म्हणाले. "मन्हं खरं तेच बुडनं."