वेखंड की आयरिस?

निळं सायबेरियन आयरिस मी फोटो पाहून मागवलं, तिथंच माझं डोकं फिरलं होतं. बर्फाच्या मुलखातलं झाड, आणि लावतेय कुठं, तर अमरावतीत! दोन हिवाळे गेले, नुसती लांबच लांब पाती. फुलाचा पत्ता नाही. शेजारीण येता-जाता विचारायची, "अवो, एवढं वेखंड काहून लावलं?" मी चिडून सांगायचे, आयरिस आहे. पण खरं सांगू? मलाच कळेना. वेखंडाच्या मुळाला उग्र वास असतो, पण मूळ उकरून पाहावं तर झाड मरायची भीती. विकणाऱ्यानं वेखंडच तर गळ्यात मारलं नसेल?

परवा वरूडचं लग्न आटोपून घरी आले, तर वाफ्यात खड्डा. अर्धा गड्डा गायब. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "बाई येऊन गेली काल. बाळाच्या गुटीले वेखंड पायजे म्हने." बाई म्हणजे माझी अकोल्याची नणंद, तिच्या लेकीचं बाळंतपण सध्या तिच्याकडेच आहे. माहेरच्या अंगणातून काही न्यायला आमच्याकडे लेकी विचारत नाहीत, मग कढीपत्ता असो की जास्वंदाची फांदी.

आयरिसचं मूळ विषारी असतं, हे मागवतानाच वाचलं होतं. फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. वेखंडच असेल तर मी उगाच बोंब मारतेय, अन् नसेल तर?

शेवटी एकदाचा उचलला.

"बाई, ते मूळ बाळाले देऊ नका!"

"काहून? एवढ्याशा मुळीसाठी जीव जाऊन राहिला का तुमचा?"

"अवो, आधी वास घेऊन पाहा!"

तिकडे वाटी सरकवल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "वास नाही वयनी. मले वाटलं, तुमी पानी लय घालता म्हनून गेला असन. उगाळून ठेवलं हाय. आंघोळ झाली की चाटवनारच व्हती."

"फेका ते! वेखंड नाही, विष आहे!"

वाटी आपटल्याचा आवाज आला, मग तिचं रडणं. "वयनी, माह्या हातानं..."

मी पायरीवरच बसले. बाळ वाचलं म्हणून देवाला हात जोडत होते, आणि त्याच घटकेला मनात आलं, वास नाही म्हणजे माझं आयरिस खरंच आयरिस आहे. आनंद झाला हो मला! अशा वेळी! बाई तिकडे रडतच होती, आणि मी फोन कानाला धरून वाफ्यातल्या उरलेल्या पात्यांकडे बघत होते.