सहदेवकाकांचा होकार

कुर्ल्याच्या गिरणीत सहदेवकाका साचे चालवायचे. शेकडो साचे एकदम कापड विणायला लागले की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू यायची नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता बोलायची आणि समोरच्याचे ओठ वाचायची. एक रीत मात्र कडक होती, कळलं तरच मान हलवायची. उगाच हलवलेल्या मानेपायी तिथे लोकांची बोटं गेली आहेत.

प्रेमाकाकू त्याच गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात. दोघांचं जमलंही असंच, ओठांवर. पुढे गिरणी बंद पडली, तिच्या जमिनीवर काचेच्या इमारती उठल्या आणि काकांच्या वाट्याला बहिरेपण आलं. त्याची कुणी साधी चौकशी केली नाही, याचा मला अजून संताप येतो. घाटकोपरच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहूनही मी त्यांचं भांडण कधी ऐकलं नाही. भांडायचे भरपूर, पण ओठांनी.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या अंथरुणाला खिळल्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. उरलेला बारीक आवाज काकांना ऐकू येईना आणि वाकडे ओठ वाचता येईनात. तरी काकाच त्यांचं तोंड पुसायचे, त्यांना भरवायचे. सुरुवातीला ते "परत सांग" म्हणायचे. काकू परत सांगायच्या आणि रडायला लागायच्या. ते काकांना बघवेना. एकदा त्यांनी न कळताच मान हलवली, तर काकू शांत झाल्या. मग ते रोजच मान हलवू लागले.

मुलुंडला दिलेली त्यांची लेक अक्षता आली, तेव्हा मीही तिथे होते. तिने आईच्या तोंडाशी कान नेला.

"पाठ जळता गो," काकू म्हणाल्या. "तेंका कितीदा सांगलंय. हो म्हणतत, पण बघनत नाय."

आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं. पडून पडून पाठीला खोल जखम झाली होती, चादर तिला चिकटली होती.

अक्षता काकांसमोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, तुम्ही हो का म्हणालात?"

"माका तिचा कायेक कळना नाय गो," काका म्हणाले. "तिका बरा वाटात म्हणान मान हलयलंय."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. सगळ्या चाळीने ऐकलं. काकूंनीही ऐकलं.

जखम आता भरत आली आहे. पण काकू नवऱ्याकडे बघून ओठ हलवत नाहीत.