मटरचं मेल आणि न बोलणारा कंप्यूटर

“मेल आलेच नाहीत,” वैशालीताई म्हणाल्या.

“डीलर कसम खाके बोल रहे हैं कि भेजे हैं,” तिवारीजी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे पाहत होते. म्हणजे मॅनेजर तिवारीजी पाहत होते. वैशालीताईंचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला वळलेला होता, कारण त्यांना दिसत नाही. कॉलेजात असताना डोळ्यांच्या आजारात दृष्टी गेली. तरी अधारतालकडच्या या बियाण्यांच्या कंपनीत त्या कित्येक वर्षं तक्रारींचं टेबल सांभाळून आहेत.

मी जबलपुरात ऑफिसांचे कंप्यूटर सांभाळतो. प्रिंटर अडला, नेट गेलं, मेल बंद पडलं की मला फोन येतो. या कंपनीचं कंत्राट माझ्याकडे तसं नवंच होतं.

दसऱ्यानंतरचे दिवस होते. आमच्याकडे हा मटर पेरायचा हंगाम. शहपुऱ्याकडे तर मैलोन्‌मैल मटरच. बी उगवलं नाही तर शेतकऱ्याला दुसरं बी लगेच हवं असतं, जमिनीत ओल आहे तोवर. ओल गेली की गेलं. त्यामुळे उगवणीची तक्रार या दिवसांत एक दिवससुद्धा पडून राहून चालत नाही.

पूर्वी डीलर फोनवर तक्रार करायचे आणि ताई ती नोंदवायच्या. यंदा इंदूरच्या हेड ऑफिसने फर्मान काढलं, तक्रार फक्त मेलवर, लेखी. सोबत नवे कंप्यूटरही पाठवले, त्यात मेलचा प्रोग्राम आधीच बसवलेला. आणि हंगामाच्या ऐन सुरुवातीला डीलरांची ओरड सुरू झाली, मेल पाठवूनही कोणी दखल घेत नाही म्हणून. शहपुऱ्याचा डीलर तर ऑफिसात येऊन भांडून गेला होता.

तिवारीजी मला केबिनमध्ये घेऊन गेले. माणूस वाईट नाही, पण घाबरलेला होता. “भैया, मेल ठीक कर दो। और सुनो, मैं सोच रहा हूँ मैडम को रिसेप्शन के फ़ोन पे बिठा दें। मेल कोई आँखवाला देख लेगा।”

मी मान हलवली. बाहेर आलो तर ताई म्हणाल्या, “दार उघडं होतं, भैया. आणि माझे कान चांगले आहेत.”

“ताई, ते तसं...”

“राहू द्या. आधी मेल पाहा. रिसेप्शनचं नंतर पाहू.”

मेल येत नाही म्हटलं की आमच्या धंद्यात पहिलं काम ठरलेलं असतं. प्रोग्राम बाजूला ठेवायचा आणि ब्राउझर उघडून थेट सर्व्हरवर पाहायचं. सर्व्हर म्हणजे पोस्ट ऑफिस आणि आपल्या कंप्यूटरवरचा प्रोग्राम म्हणजे घराची पत्रपेटी. पोस्टात पत्र आहे आणि पेटीत नाही, तर दोष पेटीचा. पोस्टातच नाही, तर पाठवणाऱ्याला विचारायचं.

मी सर्व्हर पाहिला. इनबॉक्समध्ये डीलरांचं एकही मेल नव्हतं. स्पॅममध्येही नव्हतं. मग डिलीटेड फोल्डर उघडला.

सगळे तिथे होते. शहपुऱ्याचे, पाटनचे, सिहोऱ्याचे. एकाखाली एक.

आता हे सांगायचं कसं? कंपनीचं खातं असं लावलेलं होतं की प्रोग्राम आणि सर्व्हर एकमेकांचा आरसा. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. म्हणजे मेल आले होते आणि याच कंप्यूटरवरून कोणीतरी डिलीट केले होते. या कंप्यूटरवर ताईंशिवाय कोणी बसत नव्हतं.

“ताई, डीलरांचे मेल डिलीट झालेत.”

“कोणी केले?”

“इथूनच झालेत.”

त्या माझ्याकडे वळल्या. “मी फक्त फालतू मेल डिलीट करते. रिकामे येऊन राहिले ना आजकाल. आत काहीच नसतं, मधेच एखादा आकडा. काही मेलांत तर नुसती अक्षरांची खिचडी. मला वाटलं जाहिरातवाले. तक्रार मी काहून डिलीट करीन?”

मी एक मेल उघडलं. रिकामं कुठलं! चांगलं दहा-बारा ओळींचं होतं. मटर का बीज, लॉट नंबर, गावाचं नाव, सगळं.

तेवढ्यात तिवारीजी मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी स्क्रीन पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि “देख लिया?” एवढंच म्हणून गेले. त्या दोन शब्दांत ताईंची बदली झाल्यासारखीच होती.

“भैया,” ताई म्हणाल्या, “तुम्ही डोळ्यांनी पाहून राहिले. स्क्रीन बंद करा ना. मग सांगा मला त्या मेलात काय आहे.”

मी मॉनिटर बंद केला. त्यांनी एक हेडफोन मला दिला.

दिसत नसलेली माणसं कंप्यूटर कानाने वापरतात. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम असतो, तो स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो. ताईंनी त्याचा वेग एवढा ठेवला होता की मला तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू आलं. त्यांनी तो कमी करून दिला. मी बाणाचं बटण दाबत दाबत त्या मेलवर गेलो.

डीलरच्या दुकानाचं नाव ऐकू आलं, इंग्रजीत होतं म्हणून. मग शांतता. मी एंटर दाबलं. शांतता. मग “वन वन टू.” पुन्हा शांतता.

मी मॉनिटर चालू केला. स्क्रीनभर हिंदी मजकूर. कानात एक शब्द नाही.

मला तिथल्या तिथे उमगलं. इंदूरहून आलेल्या कंप्यूटरवर एकच आवाज टाकलेला होता, इंग्रजी. त्या आवाजाला देवनागरी अक्षर म्हणजे काय हे माहीतच नाही. असं अक्षर आलं की तो चूक झाली असंही सांगत नाही, नुसता गप्प राहतो. लॉटचा आकडा इंग्रजी अंकात होता, तेवढा वाचला.

“पण माझा मोबाइल तर हिंदी, मराठी सगळं वाचतो,” ताई म्हणाल्या.

“मोबाइलमध्ये तिन्ही आवाज आहेत. यात एकच आहे.”

“म्हणजे मी बरोबर ऐकत होते. हाच बोलत नव्हता.”

“होय.”

त्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या. “चलो. मग याला बोलता करा.”

हिंदी आवाज बसवायला इंदूरची परवानगी लागत होती, ॲडमिन पासवर्ड त्यांच्याकडे. मी फोन लावला. तिकडचा साहेब म्हणाला, “हिंदी वॉइस? किसलिए? ऑफिस का काम तो इंग्लिश में है। टिकट डाल दीजिए, देखते हैं।”

टिकट म्हणजे त्यांच्या रांगेतला आमचा नंबर. रांग हलेपर्यंत ओल निघून गेली असती. ताईंनी हात पुढे केला. मी फोन दिला.

“सर, डीलरों को चिट्ठी आपके ही ऑफिस ने भेजी थी न, कि शिकायत मेल पे करो?”

“जी, हाँ।”

“डीलर हिंदी में लिखते हैं। मैं किस में सुनूँ?”

तिकडून कीबोर्डचा आवाज आला. मग साहेबांनी तिथूनच कंप्यूटर ताब्यात घेऊन पासवर्ड टाकला.

मी हिंदी आवाज बसवला. स्क्रीन रीडरमध्ये भाषा आपोआप बदलायची सेटिंग चालू केली. मग मेलच्या प्रोग्रामकडे वळलो. त्याच्या यादीत आधी फ्लॅग, मग अटॅचमेंट, मग साइझ आणि शेवटी नाव-विषय असा क्रम होता. डोळ्यांना त्याचं काही नाही, पण कानाला प्रत्येक मेलमागे एवढा कचरा ऐकावा लागायचा, म्हणून पाठवणाऱ्याचं नाव येण्याआधीच ताई पुढे सरकायच्या. मी नाव आणि विषय पुढे आणले, बाकीचे रकाने काढून टाकले. बाजूची प्रिव्ह्यू खिडकी बंद केली, तिच्यामुळे फोकस, म्हणजे वाचायची जागा, भरकटत होती.

“वा! हे तर कोणी विचारलंच नव्हतं मला कधी,” ताई म्हणाल्या.

आणि पहिलं मेल बोललं. “महोदय, मटर का बीज...” ताई हसल्या. मीही हसलो. काम झालं असं वाटून मी बॅग भरायला घेतली.

“थांबा. हे शहपुऱ्याचं ऐका.”

ऐकलं. “ई व्ही जे, डी के, सी एच टी.”

स्क्रीनवर मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं, मटर का बीज.

हीच ती अक्षरांची खिचडी. आमच्याकडे हिंदी टायपिंग शिकलेले जुने लोक अजून जुना फॉन्ट वापरतात. त्यात कंप्यूटर आत इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट फक्त त्यांच्यावर हिंदीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो. स्क्रीन रीडर मुखवट्यामागचं वाचतो. युनिकोड या नव्या पद्धतीत तसं नसतं, तिथे म म्हणजे आतूनही म.

डीलरांना एका दिवसात युनिकोड शिकवणं शक्य नव्हतं. मी तिथेच बसून एक मॅक्रो लिहायला घेतला. मॅक्रो म्हणजे एका बटणावर होणारं काम. बटण दाबलं की जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलला पाहिजे. कोणतं इंग्रजी अक्षर म्हणजे कोणतं हिंदी, याचे तक्ते असतात, ते भरले. दिसायला सोपं. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर लागते. जोडाक्षरांची आणखी वेगळीच तऱ्हा.

मी बदल करायचो, ताई ऐकायच्या.

“शिकायतची वेलांटी चुकली.”

“आता?”

“आता शिकायत झालं. पण अंकुरणचा अनुस्वार गेला.”

मला स्क्रीनवर बघून ज्या चुका सापडत नव्हत्या, त्या त्यांना पहिल्या ऐकण्यात सापडत होत्या. मधे त्यांनी डब्यातले धपाटे पुढे केले. एका हाताने खात, दुसऱ्याने टाइप करत आम्ही तो मॅक्रो उभा केला. दुपार कलली तेव्हा शहपुऱ्याचं मेल पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत नीट वाचलं गेलं.

मी डिलीट झालेले सगळे मेल इनबॉक्समध्ये परत आणले. नशिबाने प्रोग्राम बंद करताना डिलीटेड फोल्डर रिकामा करायची सेटिंग बंद होती. ताईंनी हेडफोन लावला, वेग पुन्हा मोहरीचा केला आणि ऐकायला बसल्या. मी शेजारच्या टेबलावर प्रिंटर पाहत होतो.

थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला.

“भैया, हा एकशे बारा पुन्हा.”

“काय?”

“लॉट नंबर. मी तो आकडा इतक्या वेळा ऐकला होता ना, रिकाम्या मेलांत. मला वाटलं एकच जाहिरातवाला आहे. हे पाहा, शहपुऱ्याचा एकशे बारा. पाटनचा एकशे बारा. सिहोऱ्याचा पण. गावं वेगळी, डीलर वेगळे, लॉट एक.”

त्या उठल्या आणि सरळ केबिनकडे निघाल्या. या ऑफिसची फरशी न् फरशी त्यांच्या पायांना ठाऊक. मी मागून गेलो.

“सर, लॉट एक सौ बारह का बीज और कहाँ जा रहा है?”

तिवारीजींनी मान वर केली. “क्यों?”

“जितनी शिकायतें हैं, सब उसी की हैं।”

“आपने कैसे...”

“सुना। अभी बैठके सब सुना।”

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मैडम सही बोल रही हैं। मैंने भी देखा।” मग मलाच वाटलं, माझ्या पाहण्याची इथे काय गरज होती?

तिवारीजी उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की तो लॉट कुठे चालला होता हे त्यांना आठवलं. मागच्या अंगणात बरगीकडे जाणारा ट्रक भरत होता.

आम्ही तिघं गोदामात गेलो. तिवारीजींनी स्वतः एक पोतं उसवलं. ताईंनी मूठभर दाणे घेतले आणि नाकाशी नेले. “कुबट वास येऊन राहिला.” तिवारीजींनी वास घेतला आणि मागची भिंत चाचपली. पावसाळ्यात भिंतीला ओल आली होती आणि त्या लॉटची थप्पी तिलाच टेकवून लावलेली होती. वरून पोती कोरडी, आतलं बी बिघडलेलं.

“ट्रक खाली करो!” तिवारीजी ओरडले. “पूरा खाली करो। दूसरा लॉट चढ़ाओ।”

हमाल वैतागले, पण भरलेला ट्रक उतरला. त्याच संध्याकाळी शहपुऱ्याला, पाटनला, सिहोऱ्याला चांगलं बी निघालं. तिन्ही डीलरांना ताईंनी स्वतः मेल पाठवलं, हिंदीत, युनिकोडमध्ये. शहपुऱ्याच्या डीलरचं उलट उत्तर लगेच आलं. ताईंनी ते स्पीकरवर लावलं, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं. “बहनजी, ज़मीन में अभी नमी है। बोनी हो जाएगी। धन्यवाद।” ओल टिकली होती, पेरणी होणार होती.

ऑफिसातल्या कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मला आजवर कुठल्याही कंप्यूटरच्या दुरुस्तीवर टाळ्या पडल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेल्या प्रिंटरसाठी आलो होतो, तेव्हा तिवारीजी ताईंच्या टेबलाशी आले. घसा खाकरून म्हणाले, “मैडम, वो रिसेप्शन वाली बात... मैंने ऐसे ही कह दी थी।”

“कोई बात नहीं सर,” ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, “मी तर तशीही बसणार नव्हते.”

काही आठवड्यांनी इंदूरने कंपनीच्या सगळ्या शाखांना पत्रक धाडलं. प्रत्येक कंप्यूटरवर हिंदी आवाज असावा, तक्रारी युनिकोडमध्ये घ्याव्यात, जुन्या फॉन्टसाठी सोबतचा मॅक्रो वापरावा. पत्रकावर सही इंदूरच्या त्याच साहेबांची होती. मजकूर शब्दन्‌शब्द वैशालीताईंचा.

या धंद्यात मी एक गोष्ट तेव्हापासून पाळतो. ‘मेल येत नाही’ अशी तक्रार आली की सर्व्हर तर मी तपासतोच. पण त्याआधी एवढं विचारतो की मेल वाचणारा माणूस ते कसं वाचतो. मेल येणं आणि मेल पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची सेटिंग कुठल्याच मेन्यूत सापडत नाही.