भाऊंची राहिलेली साक्ष

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बरं" म्हटलं आणि निवडत राहिले. मग पेपरांत श्रद्धांजल्या आल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्लेला, तुरुंगात गेलेला निर्भीड माणूस... निर्भीड हा शब्द वाचला आणि माझं डोकंच फिरलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग जिवंतपणी तरी कुणी बोलू दिलं होतं?

परळच्या चाळीत भाऊंची खोली आमच्या खोलीला लागून. मी आठ वर्षांची, आईबाप नसलेली, काकाच्या पदरात पडलेली. काका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. चळवळीत पुढे, सभेत उभा राहिला की टाळ्या. घरी आला की हातात गिरणीतला चामडी पट्टा. एका रविवारी त्याने माझा डावा हात पिरगाळून मोडला. दार ढकलून, आत घुसून मला उचलून बाहेर आणलं ते भाऊंनीच. "अरे, मारून टाकशील पोरीला!" असं ओरडलेही होते. बाकी सगळी चाळ गॅलरीत उभी होती. आत आले ते एकटे भाऊ.

शाळेतल्या बाईंनी हात बघितला आणि मला थेट पोलीस चौकीत नेलं. केस उभी राहिली. तेव्हा अशी गंभीर केस आधी मॅजिस्ट्रेटपुढे जायची. गुन्हा केला की नाही हे तो ठरवत नसे. वरच्या सेशन्स कोर्टाने ऐकावं इतका पुरावा आहे का, एवढंच बघायचा. नसला तर आरोपी तिथूनच घरी. बाईंनी मला हे समजावलं होतं आणि आठव्या वर्षी मला ते कळलं होतं. एवढं लक्षात ठेवा.

मॅजिस्ट्रेटने मला विचारलं, "खोटं बोललं की काय होतं, बाळ?"

"मार बसतो."

"आणि खरं बोललं की?"

"तेव्हापण बसतो."

लोक हसले, मेले. मला शपथ कळत नाही असं ठरलं, म्हणून माझ्या एकटीच्या शब्दावर भागणार नव्हतं. हात मोडलाय हे डॉक्टरांनी सांगितलं, पण कुणी मोडला ते डॉक्टर कसे सांगणार? काकाचा वकील म्हणाला, पोरगी जिन्यावरून पडली, चळवळीतल्या माणसाला पोलीस मुद्दाम अडकवतायत. सगळं भाऊंवर आलं. भाऊ पिंजऱ्यात उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी त्या वेळी घरी नव्हतो. मला काही ठाऊक नाही."

काका सुटला. त्याच संध्याकाळी मी त्याच्याच घरी परत.

जिन्यात भाऊंनी मला गाठलं. "मंगल, रडू नको गो. परवा मोर्चा आहे, आत्ता तुझ्या काकाला आत टाकून चालायचं नाही, चाळीच्या बैठकीत तसं ठरलंय. आणि हे तर छोटं कोर्ट. मोठ्या कोर्टात सगळं सांगतो बघ, शप्पत!"

मोठं कोर्ट! त्याचं दार त्यांनीच तर लावून घेतलं होतं. चळवळीची निवेदनं इंग्रजीत लिहिणारा हा माणूस, त्याला एवढं कळू नये? वकिलाला एका शब्दाने विचारू नये? पुढची चार वर्षं मी पट्टा खाल्ला, शीवच्या आत्याने नेईपर्यंत. हात अजून सरळ होत नाही. मुलीची वेणी कधी धड घालता आली नाही. भाऊ दर दिवाळीला यायचे, "मला कायदा ठाऊक नव्हता गो, चूक झाली," म्हणायचे. चूक भाजीत मीठ जास्त पडलं की होते, भाऊ. मी चहा देत राहिले. माफ केलं नाही... आजही करत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या खोलीवर गेले. हार घातलेला फोटो, खिडकीशी त्यांची आरामखुर्ची. त्यांची मुलगी सुनंदा म्हणाली, "मंगलताई, बाबांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय. दोन शब्द द्या ना."

"दोन शब्दांत मावायचं नाही. आणि तुला आवडायचं नाही."

तिने उठून दार लोटलं. "बाबा जायच्या आधी म्हणाले होते, मंगलला विचार. काय विचारायचं, ते नाही बोलले."

वा रे भाऊ! मरतानासुद्धा तोंड उघडलं नाही. पोटच्या पोरीला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात.

मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि त्या रविवारपासून सांगायला लागले.