पांढरी, सोनेरी की निळसर?

मित्रांनो, आज सकाळी माझ्या गाडीतल्या डॅशकॅमचं, म्हणजे रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, कार्ड घेऊन पोलीस ठाण्यात गेलो होतो. सोबत बेंबळीच्या आमच्या शेजारच्या काकू होत्या. मागच्या आठवड्यात रात्री फाट्यावर एका गाडीनं काकांना उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. काका जागीच गेले. मी त्या गाडीच्या मागंच होतो.

साहेबांनी व्हिडिओ लावला. फाट्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली गाडी सोनेरी दिसते. पुढं ढाब्याच्या एलईडीखाली तीच निळसर होते. नंबर माझ्याच हेडलाइटच्या उजेडात पुसून गेलाय.

"रंग कोणता लिहू?" साहेबांनी विचारलं.

दिवा बदलला की कॅमेरा आपोआप रंग बदलतो, हे मी सांगितलं. गाडी पांढरीही असू शकते, पण खरा रंग सांगता येईना.

काकू म्हणाल्या, "तू तर डोळ्यांनी बघितलीस की रं."

"बघितली होती काकू. पण व्हिडिओ इतक्यांदा बघितलाय, आता तोच आठवतोय."



अशा व्हिडिओतून खरा रंग काढता येतो का, कुणाला माहीत असलं तर सांगा. दोन जाणकारांना विचारलं, दोघंही नाही म्हणाले. काकूंना अजून सांगितलेलं नाही.