हौद्यात झोपणारा मिस्त्री

जीपला पाटे बसवून झाले की पाटेअण्णा हात पुसायचे, खुंटीवरचं घोंगडं काढून मागच्या हौद्यात अंथरायचे आणि त्यावर उताणे झोपायचे. दोन्ही हात छातीवर, डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "चल." गिऱ्हाईक नवखं असलं की त्याची पाचावर धारण बसायची. साठीचा माणूस उघड्या हौद्यात आडवा आणि पुढं कवठे महांकाळच्या त्यांच्या शेडमागचा खडकाळ माळ! पण अण्णांना सांगणार कोण? घोंगडं अंथरलं म्हणजे फेरी मारावीच लागायची.

चाक आणि गाडी यांच्यामध्ये एकाखाली एक बांधलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांना आमच्या धंद्यात पाटे म्हणतात. गाडीचं सगळं सुखदुःख त्यांच्यावर. फेरी संपली की अण्णा त्यांचा निकाल द्यायचे, आणि निकाल दोनच असायचे. "बोलतोय," म्हणाले की कुठंतरी खोट आहे, पुन्हा सगळं उघडायचं. गाडी मनासारखी जमली असली तर डोळे चोळत उठायचे आणि म्हणायचे, "झोप लागली गड्या मला." हा दुसरा निकाल फार दुर्मीळ. स्वतःच्या हातच्या कामालाही ते तो सहसा देत नसत. एकानं चेष्टेनं विचारलं होतं, "आवं अण्णा, मढ्यासारखं काय झोपताय?" तर अण्णा म्हणाले, "मढ्याला हादरं कळत न्हाईत रं. जित्या माणसालाच कळत्यात. म्हणून जित्तं हाय तवर झोपायचं."

माझी त्यांची पहिली गाठ भांडणानंच पडली. मी तेव्हा जत भागात वडाप चालवायचो. आमच्याकडं जीपमध्ये जितकी माणसं मावतात तितकी भरून, उरलेली मागं लटकवून जे वाहन चालतं त्याला वडाप म्हणतात. माझी जीप माणसांनी भरली की मागून बसायची. म्हणून मी अण्णांच्या शेडपुढं गाडी लावली आणि ऐटीत सांगितलं, "दोन जाड पाटे वाढवा. ट्रकचे असले तरी चालतील."

अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडीखाली वाकून म्हणाले, "भरलेली कशी जाती ते सांगितलंस. रिकामी कशी येती?"

मी म्हटलं, "रिकामीचं काय करायचंय? पैसे भरल्या गाडीचे मिळतात."

"पैशे भरल्या गाडीचं, आन कंबार रिकाम्या गाडीत मोडती. येताना एखादी म्हातारी असंल, गरवार बाई असंल, आन तू तर असणारच की. दगडावर पाटा वाकाय पायजे. ट्रकचा पाटा वाकायला ट्रकचं वजन लागतंय, ते तू कुठनं आणणार?"

माझं डोकं फिरलं. पाटे माझ्या गाडीचे आणि काळजी ह्यांना येणाऱ्या-जाणाऱ्या म्हातारीची! पण सबंध तालुक्यात दुसरा पाटेवाला नव्हता, त्यामुळं तोंड बंद ठेवलं. अण्णांनी जाड पाटे लावलेच नाहीत. लांब आणि पातळ पाटे निवडले, त्यांच्यातला गंज घासून काढला, मधे ग्रीस भरलं आणि सगळ्यात खाली एक आखूड जाड पाटा असा ठेवला की गाडी भरून बसली तरच तो कामाला लागेल. पंधरवड्यात माझी जुनी कंबरदुखी थांबली. हे मी त्यांना पुढं कित्येक वर्षं कळू दिलं नाही.

अण्णा मूळचे जतच्याही पूर्वेकडचे, मेंढपाळ घराण्यातले. लहानपणी घोड्यावर बिऱ्हाड लादून कळपामागं हिंडलेले. घोड्याच्या एका अंगाला ओझं जास्त झालं की चार कोसांत पाठ सोलते, हे त्यांनी सहा-सात वर्षांचे असताना शिकून घेतलेलं. म्हणून जीपच्या दोन्ही बाजूंना सारखे पाटे त्यांनी कधी बसवले नाहीत. ड्रायव्हर आणि टाकी ज्या अंगाला, त्या अंगाच्या पाट्याला कमान थोडी जास्त. घर कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं, त्यामुळं बोलण्यात कानडी शब्द यायचे. बोल्ट आवळताना मधेच "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे. आम्ही जोर लावून आवळत बसायचो आणि मागून आवाज यायचा, "साकु रं! आन गाडी आदी खाली घे. लटकलेल्या गाडीचा बोल्ट आवळायचा न्हाई. गाडी आपल्या पायावर हुबी ऱ्हाऊ दे, मग आवळ." माणूस घोड्यावर मांड टाकून बसला की मगच खोगीर आवळतात, तसं ते सांगायचे. त्याचं कारण मला फार उशिरा उमगलं. वजन नसताना आवळलं की पाट्याच्या टोकातला रबराचा बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

पुढं डोंगरदऱ्यांत हौसेनं जीप घालणाऱ्या पोरांचं खूळ आलं. सांगलीची, साताऱ्याची पोरं जीप घेऊन अण्णांकडं येऊ लागली. सगळ्यांना एकच हवं असायचं, ते म्हणजे उंची. साताऱ्याचा एक जण तर पाटे वाढवून वाढवून गाडी अशी उंच करून आला होता की आत चढायला स्टूल लागावं. अण्णांनी एक मोठा दगड दाखवला आणि त्यावर पुढचं एक चाक चढवायला सांगितलं. चाक चढलं, पण पाटा तसूभर वाकला नाही. मागचं पलीकडचं चाक हवेत जाऊन गरागरा फिरायला लागलं. अण्णा ते फिरणारं चाक बघत उभे राहिले. म्हणाले, "हे पोरगं तर नुसतंच पळतंय की. पोचणार कुठं?" तो बिचारा हसत हसत सगळे पाटे उतरवून घ्यायला बसला.

अण्णा चुकायचे नाहीत असं मात्र नव्हे. त्याच साताऱ्याच्या गाडीला त्यांनी पाटे इतके मऊ बसवले की पहिल्याच चढाला जोर लावल्यावर मागचा अख्खा अॅक्सल पिळवटला आणि मेन पाटा कडकन मोडला. गाडी दोरीनं ओढत परत आली. अण्णांनी मोडका पाटा उचलून न्याहाळला आणि स्वतःच्याच कपाळाला हात मारला. "लय लाड झालं. ह्यो तर पाळणा झाला, गाडी कुठं ऱ्हायली?" आणि स्वतःवरच एवढे हसले की पोरंही हसायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पाटा वाढवला, आणि तेव्हा कुठं त्या गाडीला "झोप लागली" मिळालं.

मी वडाप सोडून त्यांच्याच हाताखाली काम शिकलो आणि पुढं माधवनगरात स्वतःची शेड टाकली. हौशी जीपवाल्यांचं काम भरपूर यायचं. नाव झालं. अण्णा मात्र मला शेवटपर्यंत "ड्रायव्हर"च म्हणत राहिले. शेड सुरू केली त्या दिवशी ते आणि त्यांची बायको, आमच्या वैनी, आले होते. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि अण्णांनी पिशवीतून घोंगडं काढलं. मी दोन महिने खपून स्वतःसाठी जीप बांधली होती. तिच्या हौद्यात झोपले. रेल्वेच्या कडेच्या खड्ड्यांतून मी त्यांना फिरवून आणलं. उठले, घोंगडं झटकलं आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "बोलतोय."

संतापानं माझी कानशिलं तापली. म्हटलं, "काय बोलतोय? कुठं बोलतोय?"

"ते मी सांगितलं तर तू कवा ऐकाय शिकणार, ड्रायव्हर?"

वैनी मधे पडल्या. "आवं, आजच्या दिशी तरी गोड बोलावं की माणसानं!" अण्णा म्हणाले, "पेढा गोड हाय." त्यानंतर दरवर्षी ते येत, झोपत आणि तेच सांगत. मीही दरवर्षी चिडत असे आणि त्यांचं पाऊल बाहेर पडलं की पाटे उघडायला बसत असे.

दोन वर्षांपूर्वी अण्णांची पाठ धरली. आधी वाटलं, गाड्यांखाली वाकून वाकून झालं असेल. मिरजेला दाखवलं तेव्हा कळलं की दुखणं साधं नाही, आजार मणक्यात उतरलाय. महिनाभर दवाखान्यात ठेवलं. शेवटी डॉक्टरांनी वैनींना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. घर म्हणजे शेडमागची खोली होती, पण अण्णांना तिथं जायचं नव्हतं. त्यांना जतच्या पूर्वेच्या माळावरच्या वस्तीवर जायचं होतं, जिथं भाऊबंद होते आणि मेंढरं होती. तिथं डांबर संपल्यावर नुसता खडक आहे. रुग्णवाहिकावाला म्हणाला, "डांबरापर्यंत सोडतो, पुढं नाही." आणि अण्णांना तर खाटेवर कूस बदलली तरी ओरडायला होत होतं.

वैनी माझ्या शेडवर आल्या. बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "भावजी, ह्येंना मेंढरांत न्ह्यायचंय. रोज तेवढंच म्हणत्यात. तुमी नेता का?"

मी हो म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीची काळजी केलेला माणूस, आणि त्याचीच पाठ आता माझ्या हौद्यात येणार होती. एक दगड चुकला तरी त्याचा जीव कळवळणार.

जीप उघडली. अण्णांचा पहिला प्रश्न आठवला, रिकामी कशी येती? आता बसणार कोण? झिजलेला एक माणूस आणि वैनी. म्हणजे गाडी रिकामीच. खालचे जाड पाटे काढून टाकले. लांब, पातळ तेवढे ठेवले, एकेक पाटा घासून गुळगुळीत केला. बुश सगळे नवे रबराचे घातले, शॉकअप मऊ बसवले, टायरमधली हवा उतरवली. गाडी जमिनीवर उभी करून बोल्ट आवळले, आणि आवळताना तोंडानंच "साकु" म्हणालो. मग घोंगडं नव्हतं म्हणून पोतं अंथरलं, हौद्यात झोपलो आणि माझ्या फिटरला म्हटलं, "चल."

एवढ्या वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं! झोपल्यावर कळलं, डोळे उघडे ठेवून गाडी कळतच नाही. पहिल्याच खड्ड्यात डावीकडून पाठीत टोचल्यासारखं झालं. अण्णा जे वर्षानुवर्षं सांगत होते ते हेच असणार. डाव्या अंगाचा शॅकल, म्हणजे पाट्याला मागंपुढं सरकू देणारी कडी, फार ताठ उभी होती, पाट्याला लांबायला जागाच मिळत नव्हती. ती बदलली. पुन्हा झोपलो. आता गाडी वळणावर कलत होती, म्हणून एक पाटा परत घातला. असं दोन दिवस चाललं. फिटर कंटाळून म्हणाला, "मालक, बास की आता." मी त्याच्यावर खेकसलो.

सकाळी मिरजेतून निघालो. हौद्यात टाकलेल्या गादीवर वैनींनी तेच जुनं घोंगडं अंथरलं होतं. अण्णांनी दोन्ही हात छातीवर घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "चल." जतपर्यंत डांबर होतं, पुढंही थोडं होतं. मग खडक लागला. मी गाडी गोगलगायीसारखी सोडली. मागून आवाज आला, "पळीव की रं जरा. हळू चालवून पाटा कळत न्हाई."

वैनी ओरडल्या, "गप पडा आता! मेलं ते पाट्याचं!"

मी थोडा वेग दिला. एक ओढा ओलांडला, एक मोठी दगडाची पायरी चढलो. मागून काही आवाज नाही. कण्हणं नाही, "बोलतोय"ही नाही. आरशात बघायचं धाडस होईना. वस्तीच्या वाघरीजवळ, म्हणजे कळप कोंडायच्या जाळीजवळ, मेंढरं दिसली आणि मी गाडी थांबवली. मागं वळून बघितलं तर अण्णांचं तोंड किंचित उघडं, मान एका अंगाला कललेली. "वैनी!" मी हाक मारली.

वैनींनी त्यांच्या गालाला हात लावला. अण्णांनी एक डोळा उघडला. माझ्याकडं बघून करवादले, "कशाला थांबवलीस, ड्रायव्हर? झोप लागली हुती मला."

मी उतरून गाडीच्या पलीकडं गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. वैनी मागं येऊन हळूच म्हणाल्या, "भावजी, म्हैना झाला, डोळा लागला न्हवता त्येंचा."

अण्णा त्यानंतर थोडेच दिवस होते. गेले तेव्हा मेंढरं माळावरच होती. वैनी वस्तीवरच राहिल्या. कवठे महांकाळच्या शेडला आता कुलूप आहे. घोंगडं वैनींनी मला दिलं.

ते माझ्या शेडमध्ये खुंटीला असतं. कुठल्याही जीपचे पाटे बसवून झाले की मी ते हौद्यात अंथरतो आणि उताणा झोपतो. गिऱ्हाइकं हसतात, मोबाइलवर फोटो काढतात. मी हात छातीवर घेतो आणि म्हणतो, "चल." बहुतेक वेळा पाटा बोलतो. मग उठतो, घोंगडं झटकतो आणि पुन्हा बोल्ट सोडायला घेतो.