दोचका मावशींची अकरा मुकी कार्डं

मार्चच्या नऊ तारखेला आमच्या गाब्रोवोच्या टेलिफोन केंद्राच्या काचेच्या दारावर एक कागद लागला. वर ठळक अक्षरांत 'गहाळ', खाली अकरा ओळी आणि तळाशी एक नाव: दोचका कोलेवा. आमच्याकडे दारावर कागद लागतो तो मयताचा. फोटो, नाव, आज चाळीस दिवस झाले, आज वर्ष झालं, असा. त्यामुळे दार ढकलणारा प्रत्येक जण आधी छातीवर क्रॉस करी, मग वाची, आणि मग मान खाली घालून आत जाई.

दोचका मावशी माझ्यामागेच होत्या. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं.

"फोटो तेवढा नाही लावला," त्या म्हणाल्या. "तेवढी लाज शिल्लक आहे म्हणायची."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसले, म्हणून छातीठोकपणे सांगते. ह्या बाईने एकतीस वर्षांत केंद्रातला एक स्क्रू घरी नेला नाही. डोंगरातल्या वीस टेलिफोन ठाण्यांच्या नोंदीचं काम त्यांच्याकडे. प्रत्येक ठाण्यात कपाटं, कपाटात खण, खणात यंत्राची कार्डं. कुठल्या खणात कुठलं कार्ड बसलंय हे त्या जागेवर जाऊन, हात लावून, पेन्सिलीने वहीत लिहीत. कार्ड काढण्याआधी तीन बोटांनी क्रॉस करीत. पोरं हसायची. "हसा," त्या म्हणत, "ह्या तारेच्या टोकाला कुणाची तरी आई बोलत असते."

त्या कार्डांत काही मुकी असतात. त्यांना वीज लागत नाही, दिवा नसतो. आत नुसती काच. एकाच तारेतून आलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून ती चार गावांना चार वाटांनी पाठवते. दिवा नसलेलं कार्ड कुणी मेलेलं समजून उपटू नये म्हणून मावशींनी एक रीत ठेवली होती. मार्चमध्ये आम्ही सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो आणि करकोचा दिसला की तो फुललेल्या झाडाला लावतो. मावशी आपला दोरा झाडाला लावत नसत. मुक्या कार्डाच्या मुठीला बांधत. दोरा दिसला की हात लावायचा नाही, हे प्रत्येक तंत्रज्ञाला ठाऊक होतं.

जानेवारीत राजधानीहून, सोफियाहून, लाचेझार साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर नवं सॉफ्टवेअर. ते इथे बसल्या बसल्या प्रत्येक खणाला विचारतं, तू कोण? कार्डाच्या पोटातली चिप आपलं नाव, नंबर, वय सांगते, आणि पडद्यावर ते कार्ड उमटतं. चांगली सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण मुक्याच्या पोटात चिप नसते. ते काय बोलणार?

फेब्रुवारीत साहेबांनी यंत्रं स्वच्छ करायचा हुकूम काढला आणि सगळे दोरे कापले गेले. मग पडद्यावर अकरा खण रिकामे दिसले. मावशींच्या वहीत ते भरलेले.

"मावशी, हे स्वतः शोधतं," साहेब म्हणाले. "जे आहे ते दिसतं."

"आणि जे दिसत नाही ते?"

"ते नाही."

"मग देवाचं काय करता, साहेब?"

सगळे हसले. साहेब लाल झाले. "तुम्ही गाब्रोवोची माणसं! घरातली ऊब वाया जाऊ नये, दार लवकर मिटावं म्हणून मांजराचं शेपूट कापणारी. जुनी वही टाकवत नाही तुम्हाला, एवढंच."

"शेपूट कापलं तरी मांजर असतं हो. तुम्ही तर अख्खं मांजरच नाही म्हणताय. चला ना माझ्याबरोबर वर. हाताला लागतं का बघा."

साहेब वर गेले नाहीत. बर्फ होतं, बूट चांगले होते. त्यांनी एक अर्ज टाइप करून मावशींसमोर ठेवला. वहीतल्या अकरा नोंदी खोट्या आहेत, असं कबूल करायचं. "मेमध्ये निवृत्त होताय ना? सही करा, गुपचूप जाल. नाहीतर चोरीची चौकशी."

"खोटं लिहून गुपचूप जाऊ?" मावशींनी अर्ज सही न करताच परत सरकवला. "मला ह्याच गावात मरायचंय. माझा कागद ह्याच दारांवर लागणार. लोकांनी काय वाचायचं, दोचका कोलेवा, चोर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी त्या अकरा कार्डांचा तो 'गहाळ' कागद दारावर लावला.

अकरा तारखेला साहेबांनी आमच्या तंत्रज्ञाला, गांचोला, वर बुकोव्ह रीदच्या ठाण्यात पाठवलं, चार नंबरच्या रिकाम्या खणात नवं कार्ड बसवायला. फोन स्पीकरवर होता.

"साहेब, खण रिकामा नाही. काहीतरी बसलंय."

"इथे रिकामा दिसतोय."

"अहो, माझा हात आहे त्याच्यावर!"

"दिवा लागलाय?"

"नाही."

"मग मेलेलं आहे. काढ."

मावशी खुर्ची पाडून उठल्या. "गांचो, हात लावू नकोस! मुकं आहे ते!"

साहेबांनी स्पीकर बंद केला. पुढच्या मिनिटाला वरची चारही गावं पडद्यावर लाल झाली. घरचे फोन, मोबाइल, दवाखान्याचा फोन, सगळं गेलं. गांचोचा फोनही त्यातच गेला. सॉफ्टवेअरने निदान दिलं, बर्फात तार तुटली असावी. साहेबांनी ताबडतोब खोदणारी माणसं रस्त्याला धाडली.

"तुटलं काही नाही! काढलंय ते परत लाव म्हणावं!" मावशी टेबलावर हात आपटत होत्या. साहेब पडद्याकडे बघत राहिले. माझा संताप संताप झाला. मी कोटही नीट घातला नाही, गाडी काढली, मावशींना बसवलं आणि वळणावळणाने वर नेलं.

गांचो ठाण्याच्या दारात उभा होता, कार्ड हातात, चेहरा पांढरा. "मावशी, दोरा नव्हता हो..."

"माहीत आहे रे. आण इकडे."

त्यांनी काचेची टोकं पुसली, क्रॉस केला, कार्ड खणात सरकवलं. थोड्या वेळाने गांचोच्या खिशातला फोन वाजायला लागला. मावशींनी करकोचा दिसायच्या आधीच मनगटाचा दोरा सोडला आणि मुठीला बांधला.

उतरताना कळलं, दवाखान्यातली नर्स छातीत कळ आलेल्या एका म्हाताऱ्यासाठी गाडी शोधत बर्फातून धावत खाली आली होती. म्हातारा वाचला. देवाची कृपा, पडद्याची नव्हे.

आम्ही परतलो तोवर साहेबांनी सोफियाला फोन करून विचारलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये एक पान पहिल्यापासूनच होतं: जे आपोआप सापडत नाही, ते हाताने भरा. दोन महिने होतं! एकदा उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत, आणि एका बाईला चोर ठरवून मोकळे.

"गैरसमज झाला," साहेब म्हणाले. "अकराच्या अकरा भरतो. तो अर्ज राहू दे." आणि नखाने दारावरचा कागद खरवडायला लागले. शुक्रवारी सोफियाहून मोठे साहेब यायचे होते ना.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "लावताना आठवलं नाही? दारावरचा कागद माणसाने काढायचा नसतो. ऊन-पाऊस काढतो."

"मावशी, लोक बघतील..."

"बघू द्या. दोन दिवस बघतायत."

त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली. पहिल्या ओळीपुढे लिहिलं, 'आहे. बुकोव्ह रीद, खण चार.' मग दुसरी, मग तिसरी. वही उघडलीसुद्धा नाही. दार उघडं होतं, थंडी आत येत होती, आणि साहेबांसकट आम्ही सगळे उभे होतो. अकरा ओळी झाल्यावर तळाला आपल्या नावाशी त्या थांबल्या. पेन्सिलीचं टोक काचेवर कुरकुरलं.

'आहे.'